एका खुर्चीचं विमान

१४ सप्टेंबर, रविवार

घरातली चांगली इस्त्री आज आंबीला गेली ती गेलीच. जुनी देऊ केली तर हे म्हणतात, "तिची उष्णता कमीजास्त होते." माझ्या साड्या इतकी वर्षं त्या कमीजास्तवरच निघाल्या, ते चाललं.

शाळेतून निवृत्त होऊन चार महिने झाले. ओरडायला वर्ग उरला नाही. घरी एकच विद्यार्थी, तोही दिवसभर शेडमध्ये. म्हणून ही वही. आमचे हे, म्हणजे त्र्यंबक, तळेगावच्या कारखान्यात मेंटेनन्सला जन्म काढून घरी बसले, आणि बसले म्हणेपर्यंत विमान बांधायला घेतलं. खरंखुरं. एका माणसाचं. ह्याचे नकाशे विकत मिळतात. ॲल्युमिनियमच्या नळ्या आणायच्या, कापायच्या, जोडायच्या, इंजिन बाहेरून मागवायचं आणि घरच्यांचं डोकं खायचं. आंबीला गेणूभाऊंची बंद पडलेली पोल्ट्री शेड भाड्यानं घेतली आहे. तीन वर्षं झाली, कोंबड्यांचा वास अजून जात नाही.

विमानाच्या पंखावर कापड असतं हे मला माहीतच नव्हतं. नळ्यांच्या सांगाड्यावर ते चिकटवायचं आणि इस्त्री फिरवायची, की आक्रसून ढोलकीसारखं ताणून बसतं. ह्यांनी फिरवली तर सुरकुत्या. शेवटी मी म्हटलं, "व्हा बाजूला." अख्खा डावा पंख मी केला. टिचकी मारली की टण्ण वाजतो. हे त्यावर हात फिरवत नुसते उभे राहिले.

गेणूभाऊ दारात येऊन बघत होते. म्हणाले, "बाई, इमानाला इस्त्री? लगीन हाय व्हय त्याचं?"

मला हसू आलं. ह्यांना आलं नाही. आजकाल ह्यांना हसू येतच नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

अनुष्काचा फोन. लेक बंगळूरला बसून काळजी करते. "आई, तू बाबांना थांबवत का नाहीस?" मी सांगितलं, मी अडवणारी बायको नाही. माझ्या आईनं बाबांना सायकलवरून लोणावळ्याला जायलाही कधी दिलं नाही, तेव्हाच मी ठरवलं होतं, आपण असलं करायचं नाही. ती म्हणाली, "सायकल आणि विमान एकच आहे का?" मी फोन ठेवला.

एकच नाहीये, कळतं मला. ह्यात एकच खुर्ची. हे दोन उन्हाळे जाऊन विमान शिकून आले, तिथे शेजारी शिकवणारा असायचा. शेवटी एकट्यानंही एक चक्कर मारून आले म्हणे, पण त्याबद्दल कधी बोलत नाहीत. विचारलं तर "झालं ते" एवढंच. ह्या विमानात तर पहिल्यांदाच उडायचं, आणि तेही एकट्यानं. काही झालं तर सांगायला शेजारी कोणी नाही. दिवसभर घरात काही ना काही पुसत बसते. आज डाळीचे डबे तीनदा पुसले.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

हत्यारांची पूजा शेडमध्येच केली. पाने, पक्कड, ड्रिल मशीन, सगळं मांडलं. विमानाला झेंडूची माळ घालणार तर हे ओरडले, "वजन!" दहा फुलांचं वजन! मग मी हळद-कुंकू आणि अक्षता वाहिल्या. हे बाजूला उभे राहून म्हणतात, "अरू, ते हवेच्या नियमानं उडतं, कुंकवानं नाही." म्हटलं, असू दे. तुमचा नियम तुम्ही सांभाळा, माझं कुंकू मी सांभाळते.

गेणूभाऊंच्या सरूबाईंनी नारळ फोडला. पुढच्या चाकापाशी, दगडावर. इंजिनाच्या पंख्यावर फोडायला निघाल्या होत्या, वेळेवर हात धरला.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज पहिल्यांदा विमान रस्त्यावर पळवलं. उडवायचं नाही, नुसतं पळवायचं. आंबीच्या पलीकडे एक प्लॉटिंग आहे, घर एकही झालेलं नाही, पण डांबरी रस्ता सरळ आणि लांबलचक. मालकानं आनंदानं परवानगी दिली. त्याला वाटतं, त्यानं प्लॉट विकले जातील.

धम्मदीप आला होता. हा मळवलीचा, आधी हवाई दलात होता, आता कामशेतला पॅराग्लायडिंग शिकवतो. विमानाचा खिळा न् खिळा त्याच्या नजरेखालून गेला आहे. मला काकू म्हणतो, ह्यांना सर.

इंजिन सुरू झालं. आवाज म्हणजे चार लुना एकदम. हे पळवत लांब गेले, वळून परत आले. चेहरा पांढराफटक. उतरल्यावर म्हणाले, "वेगाचा काटा हललाच नाही." धम्मदीप म्हणाला, "किरकोळ असेल सर, काढू शोधून." हे म्हणाले, "किरकोळ कसं? वेग कळल्याशिवाय उडता येत नाही. सगळं उघडायला लागणार."

मला वाईट वाटलं. एवढी मेहनत. पण घरी येताना हे गाडीत शीळ घालत होते. सवयच तशी आहे, काही बिनसलं की शीळ.

१९ ऑक्टोबर, रविवार

आठवडाभर सगळं खोलून बघितलं. वेग मोजायला पंखाच्या पुढे एक बारीक नळी असते, तिच्यात हवा शिरते आणि काटा हलतो. त्या नळीत काय निघालं? तांदळाचा दाणा. कुंकवानं लाल झालेला.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. धम्मदीप तोंड दाबून हसत होता. मी वाट बघत होते, आता तोफ सुटणार. आमच्याकडे मिठाचा डबा जागेवर नसला तरी सुटते. तर हे शांतपणे म्हणाले, "असू दे गं. तू मुद्दाम थोडंच केलंस." आणि धम्मदीपला, "आता मात्र इतर नळ्याही तपासू. कुठे कुठे काय गेलं असेल सांगता येत नाही. दिवाळीनंतरच बघू."

किती समजूतदार झालेत ह्या वयात! मला रडूच आलं. उद्या ह्यांच्यासाठी जास्तीचे अनारसे करणार.

१६ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी आली आणि गेली. अनुष्का आली, भांडली, गेली.

विमान तयार आहे असं धम्मदीप म्हणतो, नाही असं हे म्हणतात. पिवळा रंग पुन्हा काढून पुन्हा दिला, कारण म्हणे पहिला जाड बसला होता. मग खुर्चीचा पट्टा बदलला. मग पुन्हा वजन केलं. मला वाटतं हा कारखान्याचा संस्कार. काम चोख झाल्याशिवाय हात निघत नाही.

पण शनिवार आला की ह्यांचं पोट बिघडतं. रविवारी विमान पळवायचं आणि शनिवारी जुलाब. नाक्यावरचा वडापाव बंद करा म्हणून मी कंठशोष करते. ओवा दिला, लिंबूपाणी दिलं. जेवण निम्म्यावर आलंय.

आणि जेवताना विषय काय, तर कुठे कुठे कोण कोण पडलं. कोणाचं इंजिन वर गेल्यावर बंद पडलं, कोणाचा विमान वळवायचा दांडा अडकला. घास हातात धरून सांगतात आणि माझ्याकडे बघतात. काल विचारलं, "अरू, तुला भीती नाही ना वाटत?"

मी म्हटलं, "अजिबात नाही."

खोटं बोलले. रोज अंघोळ करताना नळ सोडून रडते. पण ह्यांनी एवढा ध्यास घेतलाय, मी पायात साखळी होऊ? हसून म्हटलं, "तुम्ही बांधलंय म्हटल्यावर भीती कसली?" हे बराच वेळ ताटाकडे बघत बसले. मग म्हणाले, "हं." भरून आलं असणार.

७ डिसेंबर, रविवार

दिल्लीहून परवानगीचा कागद आला. मी पेढे आणले. हे पेढा हातात घेऊन, "आधी देवापुढे ठेव," म्हणाले. आमचे हे! देवापुढे!

धम्मदीपनं दिवस ठरवला, एकवीस तारीख, सकाळी, वारा उठायच्या आत. हे म्हणाले, "थंडीत इंजिन नीट चालेल का?" धम्मदीप म्हणाला, "सर, थंड हवेत तर जास्त चांगलं चालतं." हे म्हणाले, "हो, ते आहेच."

दिवसभर माझं कशात लक्ष नाही. भाजीत दोनदा मीठ घातलं. ह्यांनी मुकाट्यानं खाल्ली.

१३ डिसेंबर, शनिवार

आज मला म्हणाले, "तू येऊच नकोस एकवीसला. तुला बघवणार नाही." मी म्हटलं, "वा रे वा! पंख मी केला आणि मीच नको? मी पहिल्या रांगेत उभी राहणार." मग म्हणाले, "तुला अगदीच नको वाटत असेल तर सांग हं. मी काही हट्ट करणार नाही. तू म्हणशील तसं."

किती मोठं मन! एवढी वर्षं कष्ट करून माझ्या एका शब्दावर सोडायला तयार! मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "माझी काळजी करू नका. तुम्ही खुशाल उडा."

हे उठून अंगणात गेले आणि बराच वेळ नुसते फेऱ्या घालत होते. मीही आत स्वयंपाकघरात फेऱ्या घालत होते. घर म्हणजे नुसतं स्टेशन झालंय.

२१ डिसेंबर, रविवार

अक्षर कसं येईल देव जाणे. पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

सकाळी प्लॉटिंगवर पोचलो तर निम्मं आंबी आलेलं. गेणूभाऊ, सरूबाई, कंपनीतली रात्रपाळी सुटून आलेली माणसं. कोणीतरी चहाचा थर्मास आणला होता. धुकं नुकतंच सरत होतं. पिवळं विमान रस्त्याच्या टोकाला उभं, गोजिरं दिसत होतं मेलं.

हे खुर्चीत बसले. पट्टा लावला, हेल्मेट घातलं. धम्मदीपनं सगळं एकदा तपासलं, इंजिन सुरू झालं. माणसं रस्त्याच्या कडेला सरकली. आता फक्त पळवायचं आणि वर. धम्मदीपनं अंगठा दाखवला.

पण हे रस्त्याकडे बघतच नव्हते. मान वळवून वळवून माझ्याकडे बघत होते. ओठ हलले. आवाजात काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, निरोप घेताहेत. आणि मग काय झालं मलाच कळलं नाही. मी धावत सुटले. साठीला आलेली बाई, साडीवर स्पोर्ट शूज, आणि समोर पंखा फिरतोय. धम्मदीप बोंबलला, "काकू, पंखा! पंखा!" आणि त्यानं इंजिन बंद करायची खूण केली.

मी बाजूनं जाऊन ह्यांचा दंड धरला आणि सगळ्या गावासमोर ओरडले, "तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ आहे! आत्ताच्या आत्ता खाली उतरा! ह्या विमानात बसून उडालात तर माझं मेलेलं तोंड बघाल!"

असलं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. माझी आई बोलायची.

हे कडाडले, "अरुंधती! हे काय चालवलंयस? इतक्या लोकांत? तीन वर्षं! तीन वर्षं मी राबलो ते ह्याच्यासाठी?" गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. पट्टा मात्र ओरडता ओरडताच सोडला. ओरडत ओरडतच उतरले. हेल्मेट काढून रस्त्यावर आपटलं आणि गाडीत जाऊन बसले.

धम्मदीपनं मला पाणी दिलं. गेणूभाऊ जमलेल्यांना म्हणाले, "चला रं, घरला चला. बाईनं गळ्याची शपथ घातली, इषय संपला."

मी माती केली. ह्या माणसाच्या आयुष्यातल्या एकुलत्या एका स्वप्नाची मी माती केली. अनुष्काचा फोन आला, "शाबास आई." मी म्हटलं, शाबास कसलं गं, मी पापीण आहे.

२२ डिसेंबर, सोमवार

हे माझ्याशी बोलत नाहीत. पण जेवले. पिठलं, चार भाकऱ्या, वर दहीभात. दुपारी झोपले ते संध्याकाळी उठले, घोरणं थेट फाटकापर्यंत ऐकू येत होतं. दुःखानं माणूस असाही थकतो.

मला मात्र डोळा लागत नाही.

३० डिसेंबर, मंगळवार

अबोला सुटला. पोट ठीक आहे. वडापाव रोज खाताहेत, तरी ठीक आहे.

वाण्याकडे, दूधवाल्याकडे, जुन्या कारखान्यातल्या मित्रांकडे, जिथे जातील तिथे एकच कहाणी. "सगळं तयार होतं हो. इंजिन चालू, पट्टा बांधलेला. बायकोनं शपथ घातली. आता काय करणार? बायकांचं असंच." लोक माझ्याकडे असे बघतात, जसं काही मी ह्यांचा पाय मोडून ठेवलाय. मी मान खाली घालते. बोलायला तोंड आहे कुठे?

ठरवलंय, एक दिवस ही शपथ मागे घ्यायची. फक्त आधी ते यंत्र सुरक्षित आहे हे कोणीतरी दाखवून द्यायला हवं. धम्मदीपशी मीच बोलले. त्याला म्हटलं, शपथ ह्यांना आहे, विमानाला नाही. म्हणाला, "काकू, मी उडवतो. पण आधी सरांना विचारा, चालेल का ते."

मला वाटलं हे खवळतील. त्यांचं विमान, पहिलं उड्डाण दुसऱ्यानं करायचं! विचारलं तर पटकन म्हणाले, "धम्मदीप? हो, हो, अवश्य. त्याचा हात बसलेला आहे." आणि कपाटातून स्वतःचं जाकीट काढून दिलं, त्याला वर गार लागेल म्हणून.

११ जानेवारी, रविवार

उडालं!

काय लिहू आणि काय नको. धम्मदीपनं कागदपत्रांत स्वतःचं नाव घालून घेतलं, सगळं रीतसर झालं. सकाळचीच वेळ. रस्त्यावर पळायला लागलं, नाक उचललं आणि मग रस्ता आणि चाकं ह्यांच्यामध्ये उजेड दिसायला लागला. एवढासा उजेड. मग मोठा. बघता बघता विमान विजेच्या तारांच्या वर, आंब्यांच्या वर, इंद्रायणीच्या बाजूला वळलं. डावा पंख उन्हात आला. माझा पंख. एक सुरकुती नाही.

आणि हे? हे रस्त्यावरून विमानामागे धावत होते. गुडघे दुखतात म्हणून जिना चढत नाहीत, ते धावत होते! "घे! घे! आता वळव! अरे वा रे वा! अरू, बघितलंस का? अगं बघितलंस का?" गेणूभाऊंना मिठी मारली. गेणूभाऊ पैरण झटकत म्हणाले, "आवो सायेब, दमानं! मी न्हाई कुटं उडून चाललो."

दोन चकरा मारून धम्मदीपनं अलगद उतरवलं. हे विमानापाशी जाऊन नाकाला हात लावून रडले. हमसून हमसून. मीही रडले. इतका निर्भेळ आनंद मी ह्यांच्या तोंडावर अनुष्का झाली तेव्हा बघितला होता, त्यानंतर आज.

आता माझं मन मला खाणार नाही. विमान चांगलं आहे, धम्मदीपनं दाखवून दिलं. उद्याच शपथ सोडून टाकते. 'सुटली' म्हटलं की झालं, लहानपणापासून तसंच करत आलो.

१२ जानेवारी, सोमवार

जेवायला बसलो होतो. हे कालचंच रंगवून सांगत होते, वळण कसं घेतलं, इंजिनाचा आवाज कसा लागला होता. मी म्हटलं, "अहो, माझं चुकलं त्या दिवशी. धम्मदीप उडाला, सुखरूप उतरला. आता तुम्ही उडा. येत्या रविवारीच उडा. मी शपथ मागे घेते."

ह्यांचा हात ताटातच राहिला.

"शपथ अशी मागे घेता येत नसते," म्हणाले.

"घेता येते की. सुटली म्हणायचं फक्त."

"ते पोरांच्या खेळात. तू गळ्याची शपथ घातलीस, चारचौघांत. काही गोष्टींची भीड बाळगावी माणसानं."

हा माणूस मांजर आडवं गेलं तर मुद्दाम गाडी पुढे दामटतो. अमावस्येला गाडी विकत घेतली, स्वस्त मिळाली म्हणून. म्हटलं, "तुम्ही कधीपासून असलं मानायला लागलात? हे बघा, मी म्हणते आणि मोकळी होते. सु—"

"अरू, नको."

एवढंच म्हणाले. मोठ्यानं नाही. भाकरीचा तुकडा बोटांत तसाच होता. डोळे माझ्याकडे. तेच डोळे, हेल्मेटमधून वळून वळून बघणारे.

शब्द तोंडात आला होता. मी गिळला.

म्हणजे ते जुलाब, ते जेवतानाचे अपघात, तो पुन्हा पुन्हा दिलेला पिवळा रंग. "तू म्हणशील तसं." आणि मी काय करत होते तर छाती पुढे काढून सांगत होते, खुशाल उडा! आयुष्यभर पोरांचे चेहरे वाचून सांगायचे, कोणी गृहपाठ केलेला नाही. आणि हा एक चेहरा घरात, समोर, रोज दोन वेळा ताटापलीकडे.

"कोशिंबीर वाढू का?" मी विचारलं.

"वाढ थोडी," म्हणाले.

१८ जानेवारी, रविवार

आंबीला गेलो होतो. आता रविवारी धम्मदीप उडवतो आणि हे खालून हातवारे करतात. त्याला वायरलेसवर सूचना देतात, तो ऐकतोही बिचारा. धम्मदीपला सगळं केव्हाच माहीत होतं असं वाटतं. विचारलं नाही, विचारणार नाही.

येताना शेडजवळ सरूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. शेजारच्या दोघीतिघी होत्या. सरूबाईंनी आम्हाला बघून हाक मारली, "बाई, येक इचारू? आता तं ते पोरगं दोनदा उडालं, काय झालं न्हाई त्याला. मंग सायबांना का आडवलंय अजून? जाऊ द्या की येकदा. लय हौस हाय त्यांना."

हे माझ्या मागेच उभे होते. त्यांची चप्पल मातीत घासल्याचा आवाज थांबला.

मी म्हटलं, "नाही हो सरूबाई. मला फार भीती वाटते. मी त्यांना मरेपर्यंत उडू द्यायची नाही."

"आगं बया! येवढं भ्यायचं व्हय?"

"काय करू, मी आहेच भित्री."

बायका हसल्या. मीही हसले. आम्ही रस्त्याला लागलो. हे इकडे तिकडे बघत चालत होते. सरूबाईंनी दिलेल्या मेथीची पिशवी माझ्या हातात होती. गाडीपाशी यायच्या आधीच त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. मी घेऊ दिली.